सूर-शंका : कॉर्ड कुठे धरायचा, कुठे सोडायचा

या वेळच्या टपालात बहुतेक प्रश्न एकाच वळणाचे निघाले. अभंग, लावणी, कोळीगीत, गोव्यातला मांडो अशा कानोकान आलेल्या चालींना गिटार, कीबोर्ड किंवा पेटीवर कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या तीन-चार सुरांची, साथ कशी करायची? उत्तरांत सगळीकडे सा म्हणजे सी, अर्थात पांढरी एक, धरला आहे. जिथे तसं नाही तिथे सांगितलं आहे.

*मी भजनी मंडळात गिटार वाजवतो. आमचा एक अभंग भूपाच्या सुरांत आहे, म्हणजे सा रे ग प ध. मी सी, एफ आणि जी हे तीन कॉर्ड लावतो. बेसूर होत नाही, तरी बुवा म्हणतात, ‘हे गॅदरिंगचं गाणं झालं.’ नेमकं काय चुकतंय?*
— एक वाचक, कराड

बुवांचा कान बरोबर आहे. एफ मेजरमध्ये म येतो, जी मेजरमध्ये नी येतो, आणि तुमच्या चालीत हे दोन्ही सूर औषधालाही नाहीत. चालीने जे सूर उंबऱ्याबाहेर ठेवले ते तुम्ही मागच्या दाराने आत आणताय. ऐकणाऱ्याला नाव सांगता येत नाही, पण रंग बदलल्याचं कळतं.

भूपाच्या पाच सुरांतून पूर्ण कॉर्ड दोनच निघतात: सा-ग-प, म्हणजे सी मेजर, आणि ध-सा-ग, म्हणजे ए मायनर. पंचमावर काही हवंच असेल तर जी मेजरमधला नी काढून टाका. प आणि रे एवढेच उरतात आणि ते पुरतात. मध्यमावर काहीही बांधायचं नाही.

गिटारवर यासाठी एक सोय आहे. अनामिका दुसऱ्या तारेवर, करंगळी पहिल्या तारेवर, दोन्ही तिसऱ्या फ्रेटवर ठेवा आणि अभंग संपेपर्यंत उचलू नका. दुसरी तार रे देते, पहिली प देते, तिसरी मोकळी तार पुन्हा प. आता उरलेल्या दोन बोटांनी फक्त तळ बदलायचा. सा साठी मधलं बोट पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर आणि तर्जनी चौथीच्या दुसऱ्यावर. सहावी तार वाजवायची नाही. ध साठी पाचवी तार मोकळी, चौथी दुसऱ्या फ्रेटवर. इथेही सहावी बंद. प साठी सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर, त्याच बोटाच्या टोकाने पाचवी अडवलेली, चौथी मोकळी. पाचवी नीट अडली नाही तर तिथून नको तो सूर डोकावतो, म्हणून ती एकटी छेडून बघा. ठक्‌ असा आवाज आला पाहिजे. या तिन्ही धरण्यांत भूपाबाहेरचा एकही सूर वाजत नाही.

आता प्रत्यक्ष एक धृपद घेऊ. आठ मात्रांचा भजनी ठेका, मधल्या रेघेनंतर पाचवी मात्रा, म्हणजे ‘खाली’ (ठेक्यातली हलकी मात्रा):

ग ग रे ग । प ऽ ग ऽ
ध प ग रे । सा ऽ ऽ ऽ

पहिल्या ओळीत पाचव्या मात्रेवर प आला की हात आपोआप जी कडे जातो. जाऊ देऊ नका. प हा सा च्या कॉर्डचाही सूर आहे, त्यामुळे पूर्ण ओळ सी वरच राहते. तिसऱ्या मात्रेवरचा रे वाटसरू आहे. वाटसरूसाठी घर बदलत नाहीत. दुसऱ्या ओळीत समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, ध आहे आणि तिथे मात्र सा चा कॉर्ड तोकडा पडतो. इथे ए मायनर घ्या, तीन मात्रा धरा (तिसऱ्या मात्रेवरचा ग त्यातलाच आहे), चौथ्या मात्रेवर रे साठी नी काढलेला पंचम, आणि पाचवीला सी. दोन ओळींत बदल तीनच झाले. त्यातला चौथ्या मात्रेचा बदलही लय वाढली की गाळा.

अंतऱ्यात प प ध ध । सां ऽ सां ऽ अशी चाल वर गेली तर तार षड्जावर दोन रस्ते आहेत, सी किंवा ए मायनर. पहिल्यांदा ए मायनर आणि परत म्हणताना सी, असं केलं तर तोच सूर दुसऱ्यांदा उजळल्यासारखा वाटतो. उलट केलंत तर ओळ मिटल्यासारखी होते.

शेवटच्या गजरात टाळ-पखवाज चढले की कॉर्ड बदलणंच सोडून द्या. सा धरा आणि उजव्या हाताने ठेका द्या. तिथे गिटार हे टाळाचं भावंड.

*मला नोटेशन येत नाही. मोबाईलवर चाल ऐकत एकेक कॉर्ड लावून बघतो. तास जातो आणि दुसऱ्या दिवशी तेच कॉर्ड चुकीचे वाटतात. कानाने शोधायची काही शिस्त आहे का?*
— एक वाचक, बुलढाणा

आहे, आणि तिची पहिली पायरी म्हणजे कॉर्ड न वाजवणं.

आधी सा पक्का करा. धृपदाची शेवटची ओळ जिथे येऊन बसते तो सूर बहुधा सा असतो. बहुधा म्हणायचं कारण, काही चाली पंचमावर किंवा गंधारावर येऊन लटकत्या ठेवलेल्या असतात, म्हणजे पुढची ओळ लगेच उचलता येते. म्हणून तो सूर गुणगुणत ठेवून तंबोऱ्याचं ॲप लावा. चाल त्यावर आरामात बसली तर सा सापडला. सतत काहीतरी ओढल्यासारखं वाटलं तर चार किंवा पाच सूर खाली-वर करून बघा.

मग पूर्ण गाणं फक्त सा च्या एका तारेवर म्हणा. कॉर्ड नाही, एकच तार, दर समेला एक छेड. तुणतुणं आणि एकतारी हेच करत आली आहेत. बरीचशी चाल यावर निवांत चालते. कुठेकुठे टोचतं. त्या जागांवर वहीत शब्दाच्या डोक्यावर फुली मारा. कॉर्डबदल लागलाच तर तिथेच लागणार आहे, बाकी कुठेही नाही. चार ओळींच्या धृपदात फुल्या तीन-चारच्या वर गेल्या तर सा चुकलाय असं समजून पहिल्या पायरीवर परत या.

आता प्रत्येक फुलीवर तीनच तळ वाजवून बघायचे: म, प, ध. तेही एकेरी सूर, कॉर्ड नाही. ज्याने टोचणं थांबतं तो ठेवायचा. दोन चालत असतील तर ज्यासाठी आधीच्या तळापासून कमी हलावं लागतं तो घ्या.

कॉर्ड भरायचा तो शेवटी, आणि त्यातला मधला सूर चालीला विचारून. त्या तळाचा तिसरा सूर चालीत शुद्ध येतो की कोमल? सा, म, प च्या तळावर तो शुद्ध असेल तर मेजर, कोमल असेल तर मायनर, चालीत मुळीच नसेल तर तो सूर गाळून नुसता तळ आणि त्याचा पाचवा. ध चा तिसरा सूर सा, म्हणून शुद्ध ध वर मायनर आणि कोमल ध वर मेजर. दुर्गाच्या सुरांतल्या (सा रे म प ध) चालीत सा वर सी मेजर लावणारे पुष्कळ भेटतात. तिथे गंधारच नाही, म्हणून सा-रे-प किंवा सा-म-प धरायला हवं.

‘प दिसला की जी, म दिसला की एफ’ हा पाठ विसरा. प्रत्येक सूर तीन कॉर्डांत राहतो. प हा सा च्या कॉर्डचा पाचवा आहे, ग च्या कॉर्डचा तिसरा आहे आणि स्वतःच्या कॉर्डचा पहिला. तो कुणाच्या घरचा म्हणून आलाय हे सम आणि लांबलेला सूर ठरवतात. अर्ध्या मात्रेत येऊन गेलेल्या मुरकीला विचारू नका.

आणखी एक कसोटी आम्ही सगळ्यांवर लावतो. ज्या संगीताच्या मुळाशी षड्जाची तार सतत वाजते, तिथे सा असलेल्या कॉर्डवर कितीही वेळ थांबता येतं: सा चा, म चा, ध चा. ज्यांत सा नाही ते कॉर्ड, म्हणजे रे, ग, प आणि नी चे, एक-दोन मात्रांचे पाहुणे. जी मेजर चार मात्रा धरून ठेवला की टाळकऱ्यांना अस्वस्थ वाटतं ते यामुळे. त्यांच्या कानात सा चालूच असतो.

दुसऱ्या दिवशी चुकीचं वाटणं हे चांगलं लक्षण आहे. रेकॉर्ड करून ठेवा आणि रात्र गेल्यावरच ठरवा.

*आमच्या गायिका ‘काळी चार’ किंवा ‘काळी दोन’ म्हणतात. गिटारवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) कुठे लावायचा?*
— एक वाचक, नाशिक

सी आकाराला सा धरून: काळी एक साठी कॅपो पहिल्या फ्रेटवर, पांढरी दोन साठी दुसऱ्या, काळी दोन तिसऱ्या, पांढरी तीन चौथ्या, पांढरी चार पाचव्या. त्याच्या वर कॅपो नेला की गिटार किरकिरते, म्हणून पुढे जी आकार: पांढरी पाचला कॅपो नको, काळी चार पहिल्या फ्रेटवर, पांढरी सहा दुसऱ्या, काळी पाच तिसऱ्या. काळी तीन अडचणीची आहे; डी आकार आणि कॅपो चौथ्या फ्रेटवर.

वर कराडच्या वाचकांना सांगितलेली दोन बोटं न उचलण्याची युक्ती जी आकारात आणखी छान बसते, कारण त्याच दोन तारा आता प आणि सा देतात. सा साठी सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर, पाचवी दुसऱ्या. ध साठी पाचवी-चौथी दुसऱ्या फ्रेटवर, सहावी मोकळी. प साठी चौथी मोकळी, तिसरी दुसऱ्या फ्रेटवर, आणि जाड दोन तारा वाजवायच्या नाहीत. तिन्हीत वर प-सा घुमत राहतो. भजनासाठी हाच आकार आम्ही आधी सुचवू.

*तमाशाच्या फडात कीबोर्ड वाजवतो. भैरवीच्या अंगाची लावणी लागली की माझा जी सेव्हन्थ खोटा वाटतो. पिलूत मात्र तोच चालून जातो. असं का? काफीतही एक कॉर्ड नेहमी खटकतो.*
— एक वाचक, नारायणगाव

जी सेव्हन्थमध्ये शुद्ध नी आणि शुद्ध रे आहेत. भैरवीचे रे आणि नी कोमल. एका कॉर्डमध्ये दोन सूर चालीच्या छातीवर उभे राहतात, खोटं वाटणार नाही तर काय? भैरवीच्या सुरांतून पंचमावर कॉर्ड बांधला तर प, कोमल नी, कोमल रे असा कुढत बसलेला कॉर्ड मिळतो, त्याचाही उपयोग नाही. म्हणून भैरवीत पंचमावरून घरी येण्याचा नाद सोडायचा. दोन चांगले रस्ते आहेत. एक, कोमल रे वरचा मेजर (कोमल रे, म, कोमल ध) आणि मग सी मायनर. दुसरा, कोमल नी वरचा मायनर (कोमल नी, कोमल रे, म) आणि मग सी मायनर. चाल रे-सा अशी उतरत असेल तर पहिला, नी-सा अशी वळत असेल तर दुसरा. दोन्हींत सा नाही, त्यामुळे एक मात्रा, फार तर दोन. लांब थांबायचं असेल तर एफ मायनर किंवा कोमल ध चा मेजर घ्या. त्यांत सा आहे. तुमच्या बाबतीत हे जास्तच लागू, कारण ढोलकीची शाई बहुधा सा ला चढवलेली असते आणि मागे तुणतुणं असतं. गाणारीने मध्येच शुद्ध रे चा शिडकावा केला तर कॉर्ड जागचा हलवू नका. ती तिची हरकत आहे, तुमच्यासाठी सूचना नाही.

पिलूत जी मेजर चालतो, कारण पिलूची ओळखच मंद्रातला शुद्ध नी आहे. नी सा कोमल ग असं आलं की प-नी-रे तिथे आपसूक बसतो. सातवा सूर घालून जी सेव्हन्थ करायची गरज नाही, साधा जी पुरे. पिलूत दोन्ही ग आणि दोन्ही ध येत असल्याने कान मात्र सतत उघडा लागतो. शुद्ध ग वर जोर आला की सी मायनर सोडून सी मेजर. मध्यमाचा कॉर्ड त्या ओळीत ध कोणता आहे ते बघून मेजर की मायनर ठरवायचा.

काफीतला खटकणारा कॉर्ड एफ मायनर असणार. ग कोमल आहे म्हणून ‘गाणं मायनर आहे’ असं मनाशी ठरतं आणि हात सवयीने एफ मायनरकडे जातो. काफीचा ध शुद्ध असतो. एफ मेजर लावा. सी मायनर आणि एफ मेजर या दोघांची अदलाबदल करत अर्धी लावणी निघून जाते. उतरताना कोमल नी चा मेजर एक मात्रा घेतला की झालं.

खमाजाचं थोडक्यात: चढताना शुद्ध नी असेल तिथे जी मेजर, उतरताना कोमल नी असेल तिथे सी सेव्हन्थ. दोन्ही नी एकाच वेळी वाजले की गायिका वळून बघते.

कीबोर्डची ऑटो कॉर्डची सोय बंद करा. ती मागता-न मागता तिसरा आणि सातवा सूर भरते. डाव्या हाताने सा-प, उजव्याने चालीतला मधला सूर, एवढं हाताने केलेलं बरं.

*आम्ही मडगावला मांडो बसवतोय. गटातले दोघे हिंदुस्थानी शिकलेले आहेत आणि ते म्हणतात, मागे तंबोरा लावू, कॉर्ड कमी ठेवू. मला ते पटत नाही.*
— एक वाचक, मडगाव

तुमचंच बरोबर. वर आम्ही सा धरून बसण्याचा एवढा आग्रह केला तो मांडोला लागू नाही. गोव्यात चर्चच्या शाळांमधून सोलफेज (पाश्चात्त्य सरगम) आणि व्हायोलिन शिकलेल्या लोकांच्या हातून हा प्रकार घडला. त्याच्या चालीतच सा, म आणि प च्या कॉर्डांचा प्रवास विणलेला आहे. घुमट (मातीचं तालवाद्य) आणि व्हायोलिन असतंच, पण खरी खूण म्हणजे दुसरा आवाज, जो पहिल्याच्या खाली तिसऱ्या सुरावर चालतो. तंबोरा लावलात तर प च्या कॉर्डवर येणारी ओढ मारली जाईल.

दुसरा आवाज बसवताना अडतं ते ओळीच्या शेवटी. वरचा आवाज रें वर असताना खालचा नी गातो, प चा कॉर्ड झकास भरतो. मग वरचा सां वर उतरतो आणि खालचा सवयीने ध वर. आता कानावर पडतं ध-सां, म्हणजे मायनरची छाया, आणि गाणं घरी येऊन दारातच थांबतं. तिथे खालच्या आवाजाने शिस्त मोडायची: नी वरून प किंवा ग वर जायचं. नी वरून ग लांब पडतो, कच्च्या गाणाऱ्याला प द्या. व्हायोलिन वर ग धरू शकतं, मग कॉर्ड पूर्ण होतो.

संथ सहा ठोक्यांच्या मापात कॉर्ड पहिल्या आणि चौथ्या ठोक्यावर बदला. शेवटी दुलपद (मांडोला जोडून येणारं जलद गाणं) घ्याल तेव्हा लय पळते, तिथे एका मापाला एकच कॉर्ड पुरतो.

*मुलगी बारा वर्षांची, इथे गिटार शिकते. गणेशोत्सवासाठी मंडळाच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून ॲपने कॉर्ड काढले तर एका ओळीत सात कॉर्ड दाखवले.*
— एक वाचक, न्यू जर्सी

ॲप मींडेला सूर समजतं. गाणारा ग वरून प वर घसरत गेला की वाटेतला म त्याला ऐकू येतो आणि ते एफ लिहून मोकळं होतं. पखवाजाच्या धुमेचा घुमारा तळाचा सूर म्हणून धरला जातो तो वेगळाच. सातपैकी समेवरचा आणि ‘खाली’च्या मात्रेवरचा असे दोनच ठेवा, बाकी खोडा. उरलेल्या दोनांत चालीबाहेरचा सूर असेल तर तोही गाळा. मग मुलीला त्यावर स्वतः गाऊ द्या. गाता येत नसेल तर कॉर्ड चुकलाय.

*पेटीवर चाल वाजवताना कॉर्डही धरावा का? एक हात भात्यावर असतो.*
— एक वाचक, पंढरपूर

पूर्ण कॉर्ड नको. तीन सूर दाबले की वारा वाटला जातो, भाता दुप्पट मारावा लागतो आणि चाल पातळ होते. अंगठा मध्य सा वर ठेवून उरलेल्या बोटांनी वरची चाल वाजवा, एवढ्यानेच पेटी भरीव वाटते. चाल सा च्या खाली गेली की अंगठा सोडायचा. फुलीच्या जागी (बुलढाण्याचं उत्तर पाहा) अंगठा सा वरून ध वर नेला तर कॉर्ड बदलल्याचा भास पुरेसा होतो. कपलर असेल तर या वेळी बंद ठेवा. तो प्रत्येक सुराला दुसऱ्या सप्तकाची जोड देतो आणि सगळा गोंधळ होतो. देवीचा नव्हे, नुसताच.

*गिटार ट्यूनरने अचूक लावूनही तंबोऱ्याच्या ॲपसोबत सी मेजर घासतो. गिटार खराब आहे का?*
— एक वाचक, इंदूर

गिटार ठीक आहे. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर गिटारचा गंधार ४०० वर असतो. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार साधारण ३८६ वर. हे १४ सेंट कानाला घासतात. कोमल गंधार उलट्या बाजूला चुकतो: ३०० आणि ३१६. पंचमात फरक दोनच सेंटचा (७०० आणि ७०२), म्हणून तो कधी त्रास देत नाही. ऑल इंडिया रेडिओवर १९४० ते १९७१ पेटीवर बंदी होती, तिच्यामागच्या आक्षेपांत हे ठरावीक सूरही होते.

उपाय: तंबोरा चालू असताना कॉर्डमधला गंधार एकाच तारेवर ठेवा, दोन-दोन तारांवर नको. साध्या सी आकारात तो चौथ्या आणि पहिल्या, दोन्ही तारांवर येतो. पहिली तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की तिथे प येतो आणि घासणं निम्मं होतं. चालीत ग वर लांब मुक्काम असेल तिथे नुसता सा-प धरा. गंधार गाणाऱ्याचा.

*कोळीगीतांना बँजोची साथ करतो. दोन ओळींच्या मधल्या जागा भरतो, पण त्याच त्याच होतात, आणि कधीकधी समेला चुकतो. ऐनवेळी सुचावं कसं?*
— एक वाचक, अलिबाग

ऐनवेळी सुचतं ते आधी हातात असलेलंच. साठा गाण्यातूनच घ्या, बाहेरून नको.

कराडच्या उत्तरातली दुसरी ओळ पुन्हा बघा: ध प ग रे । सा ऽ ऽ ऽ. पाचव्या मात्रेवर गाणारा सा वर बसतो. ती मात्रा त्याची, तिला हात लावायचा नाही. सहावी, सातवी, आठवी तुमच्या. पुढची ओळ ग वर सुरू होते. म्हणजे तुमचं काम ठरलं: तीन मात्रांत ग च्या उंबऱ्यावर पोचायचं. दुप्पट लयीत गप, धप, गरे असे तीन जोड वाजवा. पुढचा ग गाणाऱ्याच्या तोंडात. हा भराव कुठून आला? त्याच ओळीच्या ध प ग रे मधून, फक्त आधी गप ची उडी जोडली.

यात एका वेळी एकच गोष्ट बदला. पुढच्या फेरीला सूर तेच, वजन वेगळं: सहावी मात्रा गाळून सातवीवर गपध आणि आठवीवर पगरे, असे तीन-तीनचे झुपके. त्यापुढच्या फेरीला मूळचेच जोड, पण वरच्या सप्तकात. चौथ्या फेरीला गप्प बसा. ही चौथी फेरी बहुतेक वादक विसरतात, आणि मग सगळं त्याच त्याच वाटतं. मागे कॉर्ड ए मायनर वाजतोय म्हणून ए मायनरचं स्केल पळवू नका. त्यात म आणि नी आहेत आणि भूपाच्या चालीत ते पुन्हा चोरवाटेने शिरतील. भरावाचे सूर चाल देते, कॉर्ड देत नाही.

कोळीगीतांच्या बऱ्याच चाली सहा मात्रांच्या झोक्यावर असतात, म आणि नी दोन्ही बाळगतात, आणि त्यांना सा, म, प चे सरळ कॉर्ड खुशाल चालतात. दोन-तीन पुरेत. तिथे तुमच्या जागा लहान असतात, बहुधा चौथी ते सहावी मात्रा.

समेला चुकता ते तिहाईमध्ये (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येण्यात) चुकत असणार, तेव्हा हिशेब आधीच करून ठेवा. तुकडा आणि मधली विश्रांती मिळून बेरीज ‘आवर्तनांच्या मात्रा अधिक एक’ झाली पाहिजे, कारण शेवटचा सूर समेवर पडायचा आहे. आठ मात्रांत एका आवर्तनाची तिहाई: तीन मात्रांचा तुकडा, विश्रांती नाही, तीनदा; नऊ. दोन आवर्तनांची: पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा विश्रांती, म्हणजे पाच, एक, पाच, एक, पाच, बेरीज सतरा. सहा मात्रांत दोन आवर्तनांची: तीन मात्रांचा तुकडा, दोन मात्रा विश्रांती, म्हणजे तीन, दोन, तीन, दोन, तीन, बेरीज तेरा. तिन्ही समेपासून सुरू करायच्या. चुकतात त्या विश्रांतीत, कारण हात रिकामा राहिला की घाई होते. विश्रांतीच्या मात्रांवर पायाने ठोका द्या. पहिला आठवडा वाद्याला हात न लावता टाळीवर मोजा.

शेवटच्या तुकड्याचा शेवटचा सूर गाणारा पुढची ओळ ज्या सुरावर उचलतो तोच ठेवा. तो सा असेलच असं नाही.